ताज्या चीजच्या बाजारातली खबर

आई, खुशाल अस.

मी अथेन्समध्ये बरा आहे. खोकला जवळजवळ गेलाच. स्किओनीच्या नव्या घरात वारा फार लागतो का? गुडघे लोकरीत गुंडाळतेस ना?

आपली प्लातेआची माणसं महिनाअखेरीला अजून ताज्या चीजच्या बाजारात जमतात. पूर्वी वाट अडायची, या वेळी थोडेच होतो. चीजवाली म्हणाली, “अहो, घ्यायचं नसेल तर सावली तरी सोडा!”

फानोताईची खबर लागली. वेढ्यात ताई भाकऱ्या भाजायला मागे राहिली आणि शहर पडल्यावर विकली गेली, त्यानंतरची ही पहिलीच. मी शोध घ्यायला सांगितलेल्या मेगाराच्या मीठवाल्याला ती थीब्जमध्ये दिसली, आपलं गाव जमीनदोस्त करणाऱ्यांच्याच शहरात. तब्येत चांगली आहे. कपाळावरचा भाजल्याचा डाग त्याने आपणहून सांगितला, म्हणजे तीच.

त्याने हळूच विचारलं, “बाई, तू प्लातेआची ना? तुझा भाऊ पैसे भरून तुला सोडवायला तयार आहे.”

ती म्हणाली, “असं गाव नाही. मीठ मोज.”

तिच्या कडेवर मूल होतं. ताई सुटली तरी मूल मालकाचंच राहणार.

मीठवाला परत तिकडे निघाला आहे. तू आई आहेस. त्याला पुन्हा विचारायला सांगू का?

जप स्वतःला.

तुझा एरातॉन