सगळीकडे ‘नाही’

ता. ४ मार्च

चि. बाळ्यास अनेक आशीर्वाद.

पत्रच लिहितेय, कारण घरातला एकुलता एक फोन तुझे दाजी ट्रकवर नेतात, मला तो मिळतो रविवारी. दवाखान्याची केसपेपरची खिडकी बंद झाली. काचेवर कागद चिकटवलाय: नंबर फक्त फोनवरून. काचेमागे तोच कारकून चहा पीत बसतो, आणि विचारलं की त्या कागदाकडे बोट दाखवतो. सुधारणा झाली ती एवढीच.

माझी शुगर तुला ठाऊक आहे. सोमवारी गिऱ्हाइकांचे कपडे करताना इस्त्रीतला निखारा पायावर पडला आणि मला कळलंच नाही. वास आला तेव्हा खाली बघितलं. जखम अजून ओलीच आहे. फोनवर नंबरचा फॉर्म उघडला तर प्रश्न संपता संपेनात. तू तिकडे सेवा केंद्राच्या काउंटरवर बसून लोकांचे हेच फॉर्म भरतोस, तर बहिणीलाही जरा शिकव.

आशीर्वाद आहेतच, उत्तराचा आळस करू नकोस.

तुझी ताई

ता. ९ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

दाजी अख्खा ट्रक खोलून जोडतात आणि एका फॉर्मपुढे तुम्हा दोघांना घाम फुटतो, कमाल आहे. हा फॉर्म ज्या शहाण्याने केला, तो जन्मात कधी दवाखान्याच्या रांगेत उभा राहिलेला नाही. एकदा ‘हो’ दाबलं की बारा नवे प्रश्न उघडतात, रिपोर्टचे फोटो मागतात, मध्येच नेट गेलं की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मी सगळीकडे ‘नाही’ दाबतो. दोन मिनिटांत काम. नंबर लागला की डॉक्टरांना काय ते तोंडाने सांगायचं. रोज चाळीस फॉर्म असेच माझ्या हातून जातात.

लोभ आहे तो वाढव, काळजी कमी कर.

तुझा बाळ्या

ता. २ एप्रिल

चि. बाळ्यास आशीर्वाद.

मोठ्या इस्पितळातून लिहितेय. तू सांगितलंस तसंच केलं. शुगर? नाही. जखम? नाही. पाय बधिर? नाही. फोनने लगेच कळवलं की तुमची प्रकृती उत्तम, भरपूर पाणी प्या, नंबर दोन महिन्यांनी. मी बापडी पाणी पीत बसले. मग पाय काळा पडला. दाजींनी उचलून इथे आणलं. दोन बोटं काढली. दिवसभर उभं राहायचं काम आता कसं करणार, कोण जाणे. फार भीती वाटते.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हा फॉर्म कोणत्या गाढवाने भरला. मी म्हटलं, मीच. तुला वाचवलं असं समजू नकोस. तो माझा भाऊ आहे असं सांगायची लाज वाटली.

तरी आशीर्वाद घे, त्याला फॉर्म भरावा लागत नाही.

ताई

ता. ८ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. चुकलो, एवढं म्हणून काही भागत नाही. रविवारी येतोय, काय बोलायचं ते तोंडावर बोल.

आज काउंटरवर एक आजोबा आले. मी पहिल्यांदाच प्रश्न वाचून दाखवले. छातीत दुखतं का? ते म्हणाले, जिना चढताना दुखतं. ‘हो’ दाबलं. पाऊण तास गेला, मागच्या रांगेने माझा उद्धार केला, पण त्यांना उद्याचाच नंबर मिळाला. आजोबांना मात्र एवढा वेळ लागलेला पटला नाही. म्हणाले, गेल्या वर्षी माझ्या बायकोचा फॉर्म तू दोन मिनिटांत भरला होतास.

त्या आता कशा आहेत, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

बाळ्या