जगदीशचा रंग

१२ नोव्हें., बुध.
फोटो छापायचा नवा मॅट कागद आला. त्याचं प्रोफाइल, म्हणजे या कागदावर रंग खरे उतरावेत म्हणून मशीनला द्यायचे आकडे, करायला बसले. रंगांच्या चौकोनांचा तक्ता तीनदा छापला, तिन्ही तक्ते रंग मोजायच्या मीटरने मोजले. आकडे जरा इकडेतिकडे. सरासरी काढली, प्रोफाइल बनवलं. टेस्ट प्रिंट झकास! गोखिवऱ्याच्या या गाळ्यात एवढं एकच काम माझ्या मनासारखं होतं.

दुपारी अर्नाळ्याहून सासू-सून. म्हातारीचा मुलगा जगदीश, बोटीवर होता, गेल्या वर्षी गेला. वर्षश्राद्धाला मोठा फोटो हवाय. जवळ एकच फोटो, कुणाच्या तरी हळदीतला, पिवळ्या दिव्याखालचा. खरा रंग त्यात नाहीच. म्हटलं, तुम्हीच सांगा.
म्हातारी: "गोरा होता गो बाय."
सून रेखा: "गोरे कुठे आई? उन्हानं रापलेले. काळेच म्हना."
झालं! माझ्यासमोरच जुंपली.

१३, गुरु.
दोघींच्या सांगण्याप्रमाणे नमुन्याची दोन छोटी प्रूफं, एक गोरं, एक सावळं. एकीचं दुसरीला चालेना. म्हातारी, "हा माझा नाय." रेखाचे डोळे भरलेले. राहतात एका घरात, लावणार एकाच भिंतीवर. वैताग नुसता. बोलून बसले, "उद्या या, मधला काढते."

१४, शुक्र.
दोन्ही प्रूफांवर गाल मोजला, कपाळ मोजलं. सरासरी काढली. परत तपासली, चूक नाही.
प्रिंट समोर धरलं. दोघी एकदम, "हा कोन?"
पहिल्यांदा एकमत झालं ते यावर.
गाढव आहे मी. तक्ता तीनदा छापला तरी तक्ता तोच. इथे एकीनं न्हाऊमाखू घातलेला, दुसरीनं बोटीवरून उतरताना बघितलेला...

१५, शनि.
सुट्टी. बोळिंजला घरीच. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग दोन फोटो दे की!" मला कसं सुचलं नाही? लगेच रेखाला फोन. ती म्हणाली, "नको ताई. एका मानसाचे दोन फोटो लावले तर लोक काय म्हनतील? आनि घरात रोज तोच वाद."
खरंय.

१७, सोम.
सकाळी म्हातारी एकटीच आली. एवढ्या लांब, रिक्षा बदलत. "बाय, तिचाच काढ. तिला अख्खा जलम बघायचाय. माझा माझ्याजवळ हाय." डोळ्याला पदर. बरं म्हटलं.
ती गेली. सावळी फाइल उघडते तोच रेखाचा फोन, अगदी हळू आवाजात. "ताई, आईंचाच छापा. मी बोलले ते त्यांना सांगू नका."
तिलाही बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?
उद्या संध्याकाळी दोघी न्यायला येतील. मोठा कागद मशीनला लावलाय. दोन्ही फाइली उघड्या आहेत. अजून छापलेलं नाही.