मुले नऊ कमी

१२ नोव्हेंबर १९९१
नरडाण्याला गाडीतून उतरलो तेव्हा मन खरोखर प्रसन्न होते. कॉलेजातल्या राजकारणातून पंधरा दिवस सुटका, आणि काम डाव्या हाताचे: कोरडखेड्याच्या शाळेला एकशे पंचवीस वर्षे झाली, समारंभासाठी तिचा इतिहास लिहून द्यायचा. मुख्याध्यापक जीवराम पाटील स्टेशनवर हार घेऊन उभे होते. हार झेंडूचा, माणूसही तसाच, ठसठशीत आणि सुवास नसलेला. गाव म्हणजे एक बसथांबा, कापसाच्या दोन जिनिंग आणि तीन पुतळे. दिवाळीची सुट्टी असल्याने शाळा रिकामी. माझी सोय जुन्या दगडी इमारतीत. झाडलोट करणारी बेबाबाई डबा आणते: कळण्याची भाकरी आणि घाम फोडणारी शेवभाजी. पुण्याहून आणलेली लोणच्याची बरणी कामी आली.

१४ नोव्हेंबर
जुने दप्तर मोडी लिपीत आहे. इथे ते वाचणारा कोणी नाही. पहिले हेडमास्तर विसाजीपंत पुण्याचेच. काय भाषा! 'येथील मुले म्हणजे चालती ढेकळे,' १८६६ साली लिहून ठेवले आहे. सव्वाशे वर्षांत त्यात दुरुस्तीची गरज पडलेली नाही. या गावात बोलण्यालायक माणूस मिळाला, तोही मेलेला.

१६ नोव्हेंबर
१८६८ च्या नोंदी. डेपुटी इन्स्पेक्टरांच्या परीक्षेच्या दिवशी: 'ढ मुले नऊ. पेवात ठेविली. डेपुटी संतुष्ट. निकाल शेकडा शंभर.' दुसऱ्या दिवशी: 'डेपुटींसमवेत सोनगीर येथे मुक्काम.' चौथ्या दिवशी फक्त तीन शब्द: 'मुले नऊ कमी.'
जीवरामांना विचारले. म्हणाले, इमारत आधी सरकारी धान्याचे कोठार होती, पेव म्हणजे जमिनीखालचा धान्याचा खड्डा. मधल्या दालनात कडी बसवलेली फरशी आहे, तेच त्याचे झाकण. मग त्यांनी खिशातून कागद काढला. नऊ नावे. भटू, लोटन, वना, अशीच सगळी. त्यातला वना त्यांच्या पणजोबांचा भाऊ. हात जोडून म्हणाले, "सर, एवढी नावं तरी छापा. सव्वाशे वर्षांत कोणीच घेतली नाहीत."
मी समजावले, इतिहासात कर्तबगारांना जागा असते, नापासांना नाही. विसाजीपंतांचा उल्लेख 'कर्तव्यकठोर' असा केला. जीवराम रडले. पन्नाशीचा माणूस!

१८ नोव्हेंबर
भर दुपारी मधल्या दालनात लिहीत होतो. फरशीखालून पाढे ऐकू येऊ लागले. मुलांचे आवाज, एका सुरात. शेजारी कोणाचा तरी रेडिओ असणार. पण दर वेळी 'सात नवे बासष्ट'. पुन्हा बासष्ट. पुन्हा. शेवटी ओरडलो, "त्रेसष्ट, गाढवांनो!"
एकदम शांत झाले. मग खालून, अगदी आदराने: "जी, मास्तर."

१९ नोव्हेंबर
बेबाबाईला सांगितले. तिच्या हातातून डबा पडला. म्हणाली, "उत्तर दिधं का तुम्ही? आरे देवा!" गावात सगळ्यांना ते आवाज माहीत आहेत. खालून कोणीही, कितीही हाका मारो, ओ द्यायची नाही, असे इथे पोरासोरांनाही शिकवतात. जो ओ देतो त्याला ती पेवातली मुले मास्तर समजतात आणि बाहेर काढा म्हणून त्याच्या मागे लागतात.
अडाण्यांचा बाजार. तरी खाट दुसऱ्या खोलीत हलवली.

२० नोव्हेंबर
तिथेही. खाटेखालून. "बठ्ठं पाठ व्हयी गयं, मास्तर. आते आमले काढा." दिवसभर हेच: सगळे पाठ झाले, आता काढा. जीवरामांचा कट असावा, नावे छापून घेण्यासाठी. तारा, कर्णे — सगळे शोधले. काही नाही.

२१ नोव्हेंबर
काम टाकून निघालो. नरडाणा स्टेशन, सकाळचे दहा, फलाटावर गर्दी, ऊन. बाकावर बसलो तर पायाखालून — "मास्तर, चालनात का?"
गाडी समोरून गेली. मी चढलो नाही. पुण्यातल्या माझ्या फरशीखालूनही तेच येणार असेल तर —
परत आलो. उद्या समारंभ. मधल्या दालनात व्यासपीठ, समोर मंडप; ते घालायला माणसे नऊला येतील. त्याआधी झाकण उघडतो. जा म्हणावे एकदाचे.

२२, सकाळचे, मागाहून लिहिलेले
पहारीने फरशी उचलली. काळोख. पाढे थांबले. मग एक हात वर आला. लहान, धुळीने माखलेला. हात द्या म्हणाला. मी — माझ्यासारख्याने — दिला.

किती वाजले कळत नाही
खाली आहे. डोके फुटले आहे, मधली शुद्ध नाही. बॅटरी, वही आणि पेन्सिल खिशात होती. वर झाकण बंद. मंडपवाल्यांनी उघडे दिसले म्हणून बसवले असणार. वर सतरंज्या ओढल्याचा आवाज. काहीतरी जड ठेवले, बहुतेक व्यासपीठ.
ओरडतो आहे. नाव सांगून ओरडतो आहे.
वर पावले थांबली. बेबाबाईचा आवाज, ओळखला मी. कोणाला तरी दटावत होती, "ओ देऊ नको. चाल."

सनई. टाळ्या. लाउडस्पीकरवर जीवराम सांगताहेत, इतिहास लिहिणारे सर न कळवता निघून गेले —

बॅटरी मंद. समोर ओळीने बसली आहेत. मोजली. नऊ. 'काढा' हे मला खाली आणायचे निमित्त; त्यांना बाहेर जायचे नाही, मास्तर हवा होता, मीच चुकीचे — एवढ्या वर्षांत कोणी शिकवायला —
पहिला उठला. माझ्या हातातली पेन्सिल धरतो आहे. म्हणतो, मास्तर, आमची नावे लिहून द्या, आम्हाला येत ना—