सोळाव्या किलोमीटरला थांबलो

प्रिय भिंगरी,

या नावाने तुला हाक मारून एकोणीस वर्षं झाली. आज मारतोय, रागावू नकोस. आणि आधी एक दुरुस्ती करतो: रविवारची अर्धमॅरेथॉन मी पूर्ण केलेली नाही. तुझी आई सगळ्यांना सांगत सुटली आहे की यांनी एकवीस किलोमीटर पळून दाखवलं. काल जिन्यात खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य माझा हात हातात घेऊन अभिनंदन करत होते आणि मी चोरासारखा हात सोडवून घेत होतो. तिचं म्हणणं, या वयात सोळा काय नि एकवीस काय, सगळं सारखंच. पण मी जन्मभर वजनकाटे दुरुस्त केलेत, पाच किलोमीटरची तूट माझ्या घशाखाली उतरत नाही. शिवाय मी का थांबलो याचा तुझ्याशी संबंध आहे. तुझ्या पायाबद्दल आपण दोघं कधीच बोललो नाही. आज बोलायचं आहे. थोडा आडवळणाने येईन, तेवढी सवलत दे.

रक्तातली साखर काठावर आली म्हणून डॉक्टरांनी मला चालायला सांगितलं, हे तुला माहीत आहे. चालता चालता मैदानावरच्या पळणाऱ्या टोळक्यात कसा ओढला गेलो ते माझं मलाच कळलं नाही. आम्ही सहा जण. त्यात एक निवृत्त नर्सबाई आणि एक बेकरीवाला, ज्याच्या मागे पळताना सारखी भूक लागते. आमची कोच तुझ्याच वयाची, बोलायला गोड आणि नियमाला एकदम कडक. पहिला महिनाभर तिने आम्हाला एक मिनिट पळवलं आणि दोन मिनिटं चालवलं. पळताना शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत, धापेने वाक्य तुटलं तर वेग कमी करा, असं तिचं सांगणं. नर्सबाईंना हा नियम फारच मानवला, त्यांच्या सुनेचं चरित्र मला आता तोंडपाठ आहे. अंतर दर आठवड्याला जरासंच वाढवायचं, दोन दिवस पूर्ण विश्रांती, रोज पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वरखाली करायच्या. तुझी आई म्हणाली, पस्तीस वर्षांत माझं एक ऐकलं नाही आणि या पोरीचं मुकाट ऐकता.

तिला काय माहीत. चौथ्या महिन्यात माझ्या मनगटावरचं घड्याळ दाखवायला लागलं की छातीचे ठोके उत्तम आहेत, वेग उत्तम आहे. मग काय, कोचने नऊ किलोमीटर सांगितले असताना मी एकटाच जाऊन चौदा पळून आलो. यंत्राने हो म्हटलं की तुझ्या बापाला दुसऱ्या कुणाला विचारावंसं वाटत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे. तिसऱ्या दिवशी उजवी नडगी ठणकायला लागली. मी कोचला सांगितलं, तर ती म्हणाली, शून्य ते दहात किती दुखतंय? मला हसू आलं. म्हटलं, अहो, प्रमाण वजन ठेवल्याशिवाय मी कुठल्याच काट्याचा आकडा मानत नाही, हा तुमचा कसला काटा? ती हसली नाही. म्हणाली, काका, पाय तुमचा आहे, तुम्ही म्हणाल तो आकडा. मी म्हटलं, चार. तिने वहीत चार लिहिलं आणि मला दोन आठवडे पळणं बंद केलं. एक्स-रे काढून आणा म्हणाली नाही, नडगी दाबून बघितली नाही, चेहरा निरखला नाही. मी चार म्हणालो, ते तिला पुरलं.

त्या दिवशी वर्कशॉपमध्ये माझं कामात लक्ष लागेना. समोर औषधाच्या दुकानाचा छोटा काटा उघडा पडला होता आणि मी नुसता बसून होतो. चार महिन्यांच्या ओळखीच्या माणसाचं दुखणं त्या मुलीने एका शब्दावर खरं मानलं. मला ते जमलं नव्हतं, आणि तेसुद्धा कुणाच्या बाबतीत.

शर्यतीच्या आदल्या दिवशी कोचने बजावलं होतं, दुखणं वाढत गेलं तर थांबायचं, आणि पाऊल वाकडं पडायला लागलं तर विचारही न करता थांबायचं. तेराव्या किलोमीटरपर्यंत मी नर्सबाईंशी बोलत मजेत होतो. मग तीच नडगी. पंधराव्याला पाय बाहेरच्या बाजूला टाकायला लागलो. डोक्यात एक आवाज सुरू झाला: आता एवढ्यात काय थांबायचं, थोडं तर राहिलंय, मनाचे खेळ आहेत, लक्ष देऊ नकोस. तो आवाज कुणाचा ते मी लगेच ओळखलं. तुझ्या सरावाला मैदानाच्या कडेला हातात स्टॉपवॉच घेऊन उभा असलेला मीच तो. मी थांबलो. मदतीच्या तंबूत जाऊन म्हटलं, पाय दुखतोय. तिथल्या मुलीने खुर्ची पुढे केली. मला रडू आलं, आणि तिला वाटलं शर्यत हुकली म्हणून.

तू तेरा वर्षांची होतीस. धावण्याच्या निवड चाचणीला बारा दिवस होते. पाऊल दुखतंय म्हणालीस, म्हणून मी तुला एक्स-रेला नेलं. डॉक्टरांनी फोटो दिव्यावर धरला आणि म्हणाले, आत्ता काही दिसत नाही, पण अशी बारीक चीर उशिराही दिसते, दोन आठवडे हिला पळू देऊ नका आणि परत आणा. मी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं घेऊन घरी आलो. फोटो खिडकीच्या काचेला लावून तुला म्हणालो, बघ, काही नाहीये, नाटकं पुरे. तू कितीतरी वेळ त्या फोटोकडे बघत होतीस. नंतरचे अकरा दिवस तू एकदाही दुखतंय म्हणाली नाहीस, आणि बाराव्या दिवशी मैदानात पडलीस. पाय प्लास्टरमध्ये तीन महिने होता. पळणं गेलं ते गेलंच. त्याहून वाईट हे की त्यानंतर तुझं काही दुखलं तर मला कळलंच नाही. हॉस्टेलवर असताना तुझं ऑपरेशन झालं, ते मला टाके निघाल्यावर कळलं. तुझं लग्न मोडलं तेसुद्धा तुझ्या आईच्या तोंडून. मी सगळ्यांना कौतुकाने सांगत राहिलो की आमची मुलगी भारी खंबीर आहे.

रविवारी संध्याकाळी मी आतल्या खोलीत उशीवर पाय ठेवून पडलो होतो. बाहेर तुझा फोन आला होता. तुझं बोलणं ऐकू येत नव्हतं, आईचं येत होतं. कधीपासून, असं तिने विचारलं. मग, बसताही येत नाही का गं? आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, नाही, बाबांना नाही सांगत. मी तिला काही विचारलेलं नाही, तिने तुला दिलेला शब्द पाळला आहे. तुला काय होतंय ते मला सांगच, असा हट्ट मी धरणार नाही, तो हक्क माझा मीच घालवला. पण तेव्हा तू मला एक गोष्ट सांगितली होतीस आणि मी तिला चुकीचं उत्तर दिलं होतं. ते उत्तर बदलून द्यायला हे पत्र लिहिलं. तुझा पाय दुखत होता, बाळा. तू नाटक करत नव्हतीस. माझं चुकलं.

तुझाच,
बाबा