नकाशातला थांबा

बोरखडी,
१८ ऑगस्ट २०१५

प्रिय आकांक्षास अनेक आशीर्वाद.

तू सात वर्षांची असशील. पुलाजवळच्या थांब्यावर आपण अमरावतीच्या बसची वाट पाहायचो आणि तू उकडलेल्या शेंगांची टरफलं माझ्या पर्समध्ये भरायचीस. माझी छत्री मिटेपर्यंत कंडक्टर घंटी द्यायचा नाही. असो. इकडे पाऊस उघडत नाही, कपाशी पिवळी पडली आहे.

मी तुझ्यावर रागावले आहे, बेटा.

तुमच्या अकोल्याच्या ऑफिसने संगणकावर नकाशा केला. थांब्यापासून अर्ध्या किलोमीटरच्या आतली घरं हिरवी, म्हणजे त्यांना बस मिळते. आमचं सगळं गाव हिरवं. तोच नकाशा दाखवून आगाराने गावाचा अर्ज परत केला: बस आहे, नव्या फेरीची गरज नाही. अगं, बाहेरून नवा रस्ता झाल्यापासून बस गावात येतच नाही. तीन किलोमीटरवरच्या फाट्यावरून परस्पर जाते.

शेजारच्या गुलनारला मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिससाठी अमरावतीला जावं लागतं. गेल्या शुक्रवारी फाट्याच्या वाटेवर ती चिखलात रुतली, बस गेली, मशीनवरची पाळी हुकली. दोन दिवस तिला धड श्वास घेता येईना. मला म्हणाली, “बाई, तुमच्या भाचीनं नकाशात बस आनली म्हन्ते. तिले म्हना, आता मले त्या नकाशातूनच दवाखान्यात पोचव.”

अकोल्याहून इथे यायला अडीच तास लागतात. नकाशा करताना तू आली नाहीस. फोन केलास.

आणि फोन मला केलास. थांबा कुठे, विचारलंस. मी पूल सांगितला. बस येत नाही असं कुणी कुणी म्हणत होतं, मी लक्ष दिलं नव्हतं. सहा वर्षांत मी बसमध्ये चढलेले नाही, मुलगा गाडीने नेतो. पण तू इतक्या आपलेपणाने विचारलंस, की माहीत नाही म्हणायची लाज वाटली. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर चूक उभं राहून सांगायला लावत. गुलनारसमोर मला अजून तेवढं जमलेलं नाही.

आजपासून माझा श्याम तिला गाडीने नेतो आहे. त्यावर तिचं म्हणणं, “माही सोय झाली. गावाचं काय?”

तेव्हा तू ये. फाट्यापर्यंत पायी चल, मग नकाशा दुरुस्त कर आणि तीन प्रती काढ. एक आगारप्रमुखांच्या हातात तू स्वतः दे. दुसरी सरपंच महादेवरावांना. तिसरी गुलनारला. तिच्या प्रतीवर चुकीचा थांबा कोणी सांगितला तेही लिही, पूर्ण नावानिशी.

मला प्रत नको.

तुझी आत्या,
वच्छला