चूक आली तर पुढे जा

६ जानेवारी २००३, सोमवार
१. दूध संघाचा प्रोग्राम चालवला. म्हैस भरवल्याची तारीख घेऊन तो व्यायची तारीख काढतो आणि कार्ड छापतो.
२. ४१२ पैकी चौदाव्या म्हशीवर थांबला. एरर १३.
३. पंधरावीवर पुन्हा.
४. आमच्या कंपनीच्या विजयसिंह सरांनी विचारलं, कधी होणार.
५. कोडमध्ये वर एक ओळ घातली : चूक आली तर काही न बोलता पुढच्या ओळीवर जा.
६. प्रोग्राम शेवटपर्यंत चालला.
ओळ तात्पुरती. शुक्रवारी काढायची.

१० जानेवारी, शुक्रवार
डेमो. ओळ काढली नाही. शेजारच्या टेबलावरच्या रुद्रेशने ती पाहिली. म्हणाला, "महादेवी, पेशंटच्या तोंडावर पट्टी बांधून बरा झाला म्हणतीस व्हय?" त्याचा डिप्लोमा आहे. माझं बी.ई., डिस्टिंक्शन.

१८ जानेवारी
संघाचे डॉ. शिवशरण यांचा फोन. एकाच गावच्या एकोणीस म्हशी २० फेब्रुवारीला व्याणार, असं कसं? तिथे म्हशी भरवायचं शिबिर झालं असेल, असं सांगितलं. झालं नव्हतं म्हणाले. डेटाची जबाबदारी संघाची, हे मॅन्युअलमध्ये पान ११ वर घातलं.

२६ जानेवारी
उद्घाटन. पहिलं कार्ड त्याच गावच्या बनाबाईंना, हारासकट. त्यांची एकच म्हैस. भाषणं चालू असताना माझ्याजवळ आल्या. लेकीचं बाळंतपण वारणानगरला, पंधरा तारखेपर्यंत तिकडे राहायचं होतं. "बाई, तारीख नक्की न्हवं?"
कॉम्प्युटरने काढली आहे, मी म्हणाले.
पुढच्या आठवड्यात ओळ नक्की काढायची.

३ फेब्रुवारी, सोमवार, ११.४०
रुद्रेशने मूळ वही मागवली. म्हशी भरवणारे जोतीराम तारीख लिहीत नाहीत. 'पाडव्याच्या सकाळी.' 'जोतिबाच्या यात्रेआधी दोन दिवस.' ऑपरेटरने तसंच टाइप केलं. प्रोग्रामला त्याची तारीख करता येत नाही, एरर येते, माझी ओळ ती गिळते. आधीच्या म्हशीची तारीख तशीच उरते, आणि तीच छापली जाते.
अशी कार्डं ४१. म्हणजे ९०.०५ टक्के बरोबर. चांगलं आहे.
बनाबाईंच्या नावापुढे 'रंगपंचमी'. दहा महिने दहा दिवस धरले तर ६ फेब्रुवारी. कार्डावर २०. म्हशी मागेपुढे व्यातात.
रुद्रेश म्हणाला, आत्ताच्या आत्ता फोन लाव. मी म्हणाले, आता कळवलं तर गोंधळ होईल. दुरुस्त आवृत्ती दहा तारखेला देते, तेव्हा सगळ्यांना एकदमच.

५ फेब्रुवारी
आवृत्ती दोनचा स्क्रीन निळा केला. सरांना आवडला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
जोतीराम ऑफिसात आले. खुर्ची दिली, बसले नाहीत. बनाबाईंची म्हैस काल अडली. रेडकू आडवं होतं. शेजाऱ्यांनी कार्ड पाहिलं, अजून दोन आठवडे आहेत, पोट दुखत असेल म्हणाले. डॉक्टरांना कुणी बोलावलं नाही. बनाबाई वारणानगरहून पोचल्या तेव्हा म्हैसही नव्हती, रेडकूही नव्हतं.
मी म्हणाले, प्रोग्रामने कुठलीही चूक दाखवली नाही. ते खरं आहे.
जोतीराम म्हणाले, "म्या रंगपंचमी बरोबर लिवलीती की. तुमच्या मशीनला सण कळत न्हाईत, तर तसं सांगायचं हुतं मॅडम."
सर त्यांच्यासाठी चहा सांगत होते. जोतीराम थांबले नाहीत.

८ फेब्रुवारी, शनिवार
ओळ काढली. पत्र पाठवलं. पहिल्या मसुद्यात 'तांत्रिक अडचणीमुळे' होतं, ते खोडलं. नक्कल :

डॉ. शिवशरण यांस,
४१ कार्डांवरच्या तारखा चुकीच्या आहेत. चूक माझ्या कोडमध्ये होती आणि ती मला सोमवारपासून माहीत होती. बनाबाईंची म्हैस त्यांतलीच. उरलेल्या ४० पैकी २९ तारखा कॅलेंडरवरून काढून सोबत जोडल्या आहेत. अकरा निघत नाहीत. वहीत 'सरपंचांच्या पोरीच्या लग्नादिवशी', 'लाइट गेल्ती तवा' असं आहे. यांतल्या काही म्हशी दोन-चार दिवसांत व्याणाऱ्या असू शकतात. कोणत्या, ते मला सांगता येत नाही.
या अकरा तारखा जोतीराम यांना विचारून कृपया बुधवार, १२ फेब्रुवारीपर्यंत कळवाव्यात.