मोठी पिवळी अक्षरं

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही. सांगण्यासारखं काही घडत नव्हतं असं नाही. पण नोकरी, घर, पोरांच्या परीक्षा, सासूबाईंचं दुखणं, यात आठवडा कुठं जातो कळत नाही, आणि हल्ली मी फार दमते. झोपून उठलं तरी दमलेलीच असते. आज रविवार आहे, दुपारची भांडी मोरीत तशीच पडली आहेत, आणि मी लॅपटॉप उघडून तुमच्याशी बोलत बसले आहे. परवा कारखान्यात जे झालं ते तुमच्याशिवाय कुणाला कळेल असं वाटत नाही.

तुम्ही मुळात शिवणाच्या बाई. पारनेरच्या आमच्या शाळेला कुणीतरी जुने कॉम्प्युटर देणगी दिले, आणि शिवणाचा तास बंद होणार म्हणून हेडसरांनी ते तुमच्या गळ्यात मारले. त्यात फुकटातली सिस्टीम होती. बटण दाबलं की काळ्या स्क्रीनवर बारीक पांढऱ्या इंग्रजी ओळी भराभर वर पळायच्या. पहिल्याच दिवशी एक पोरगी "बाई, बिघाडलं ओ!" म्हणत अनवाणी व्हरांड्यात पळाली. आम्ही खिदळलो, तुम्ही मात्र हसला नाहीत. "दारात आलेल्या माणसाला कुणी या, बसा म्हणायला नको का?" एवढंच म्हणालात. पण त्या काळ्या स्क्रीनला मराठी येत नव्हतं, काहीही टाईप केलं तरी नुसते चौकोन उमटायचे. मग तुम्ही आलेखाचा कागद घेतला आणि फुलीच्या टाक्याचा नमुना काढतात तसं एकेका घरात फुली मारत 'या, बसा' काढलंत. इंग्रजी एक्सच्या खुणांनी ते मी टाईप केलं, तर अक्षरं उभट आणि उपाशी दिसायला लागली. तुम्ही कमरेवर हात ठेवून बघत उभ्या आहात. मग म्हणता, "मॅटीच्या कापडावरचं घर चौकोनी असतं गं, ह्याचं घर उभं आहे. एका फुलीच्या जागी दोन मार." मी दोन मारते, आणि अक्षरं अंग धरतात. दुसऱ्या दिवसापासून त्या पळणाऱ्या ओळी संपल्या की 'या, बसा' यायचं, आणि पोरी बसायच्या.

त्यानंतर मला शिंगं फुटली. अक्षरांचे आणि मागचे रंग कसे बदलायचे ते मला सापडलं होतं, म्हणून मी सगळ्या मशीनवर हिरव्यावर लाल अक्षरं करून ठेवली. वर्गात हशा पिकला. तुम्ही मला त्याच मशीनसमोर बसवलंत आणि पूर्ण तास स्क्रीनवरचा इंग्रजी धडा मोठ्यानं वाचायला लावलात. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी थांबू दिलं नाहीत. "तू दाखवायला केलंस," तुम्ही म्हणालात, "आता वाचणारीचं काय होतं ते बघ." त्या दिवशी मला तुमचा भयंकर राग आला होता. आठवड्याभरात तुम्ही माझ्या मशीनसाठी धुळीचं कापड शिवून आणलंत, कोपऱ्यात पिवळ्या दोऱ्याची फुलं भरलेलं. रागावलेल्या पोरीला कसं जवळ करायचं ते तुम्हाला बरोबर कळायचं.

आता मी सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळते. सांभाळते म्हणजे, बंद पडलं की मला शिव्या आणि चालू असलं की कुणाला माझी आठवण नाही. पॅकिंगला अजून तसलीच काळी स्क्रीन आहे. कुठल्या खोक्यात कुठला नग आणि किती, ते त्यावर उमटतं, ते वाचून बाया खोकी भरतात. तिथं कर्जतकडची एक मावशी आहे. उमेदीची वर्षं ऊसतोडीत गेली, आता लेकाकडं राहते. शिक्षण चौथीपर्यंत, पण आकड्याला पक्की. साखरेनं तिच्या डोळ्यांचा पडदा खराब केला, चष्म्यानंही भागेना. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, आकडं मुंग्यावानी दिसत्यात ओ. कुनाला बोलू नगा." मी तिची अक्षरं दुप्पट मोठी केली, गडद निळ्यावर पिवळी. तिनं स्क्रीनवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आता कसं बाजरीच्या कणसावानी ठसठशीत दिसतंय." तेव्हापासून तिचं एक खोकं चुकलं नाही.

मागच्या महिन्यात पुण्याहून फर्मान आलं. सगळ्या मशीन एकसारख्या दिसल्या पाहिजेत. सुरू होताना कंपनीचं बोधचिन्ह, आणि मग काळ्यावर करडी, बारीक अक्षरं. मोठ्या अक्षरांची गरज मी लिहून कळवली, तर उत्तर आलं की अपवाद करता येणार नाही. वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं, बाई. मी सगळ्या मशीन बदलल्या. मावशीच्या मशीनलाही सुरुवातीला ते बोधचिन्ह लावलं, अगदी झोकात, पण ते गेल्यावर पुढची अक्षरं मोठी पिवळीच ठेवली. साहेब लोक चालू होतानाचं बघून पुढं सरकतात असा माझा हिशोब होता.

परवा पुण्याचे साहेब आले आणि नेमके मावशीच्या मागं येऊन थांबले. "हे काय आहे? हे असं कुणासाठी?" मावशी खाली मान घालून टेप चिकटवत राहिली. खरं सांगितलं असतं तर तिला तिथून उठवलं असतं. गेल्या साली एकीनं प्रामाणिकपणे डोळ्यांचं सांगितलं, तर तिला खोकी उचलायला लावलं आणि दिवाळीच्या आत ती घरी बसली. मावशीचे तर गुडघेही गेलेले आहेत. मी म्हणाले, "सर, माझ्यासाठी. इथं सारखं दुरुस्तीला बसावं लागतं, आणि मला बारीक अक्षर दिसत नाही." साहेबांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच बिघडलेली मशीन आहे. "मॅडम, दिसत नसेल तर तुम्ही हे काम कसं करता? कंपनीच्या डॉक्टरकडून डोळे तपासून घ्या. रिपोर्ट आला की बघू. तोवर राहू दे हे." आणि ते पुढच्या लाईनला गेले. मावशीची जागा राहिली. माझी राहते की नाही ते आता त्या रिपोर्टवर आहे.

सुटी झाल्यावर बसपाशी मावशीनं मला गाठलं. डोळे भरलेले. "ताई, माज्यापायी सोताच्या डोळ्याचं वंगाळ कशाला बोलला? वास्तू तथास्तु म्हनती, ठाव न्हाई का तुमाला?" मी हसले, म्हणाले, "मावशी, काही होत नाही, जा, बस सुटेल." ती जाताना दोनदा मागं वळून बघत होती.

बाई, वास्तूला तथास्तु म्हणायची गरजच उरलेली नाही. मलाही साखर निघाली आहे. डोळ्यांचा पडदा तपासून घ्या असं डॉक्टरांनी सांगितलं त्यालाही वर्ष होऊन गेलं, आणि मी गेले नाही. रिपोर्टमध्ये काय येईल याची मला भीती वाटते. मावशीची अक्षरं मोठी केली त्या दिवशी बरोबर दिसतं का ते बघायला तिच्या खुर्चीत आधी मीच बसले होते. सगळं स्वच्छ दिसलं, आणि मला तिथून उठावंसंच वाटेना. घरी अजून कुणाला हे माहीत नाही.